फुलावरची माशी कोणती? मधमाश्या आणि मधमाशीसारख्या दिसणाऱ्या माश्यांची शेतातील ओळख

‘माशी’ हा मराठीतील मोठा उदार शब्द आहे. घरमाशी, फळमाशी, खोडमाशी या खऱ्या माश्या. त्यांचे जवळचे नाते डासांशी. मधमाशी आणि गांधीलमाशी यांचे नाते मुंगीशी. पांढरी माशी तर मावा आणि तुडतुडे यांच्या गोतातील रसशोषक कीड, तिचा या दोन्ही घराण्यांशी संबंध नाही. हिंदीतील ‘मक्खी’ आणि गुजरातीतील ‘माखी’ हे शब्दही असेच सर्वांना एका दावणीला बांधतात. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. मात्र फुलोऱ्यातील पिकावर फवारणी घ्यावी की नाही आणि मधमाश्यांच्या पेट्या आणाव्यात की नाही, हे ठरवायची वेळ येते तेव्हा या उदारपणाची किंमत मोजावी लागते.

काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या अखेरीस राजस्थानातील भरतपूर जिल्ह्यात मोहरीच्या एका शेतावर जाण्याचा योग आला. शेत पिवळेधमक फुललेले, शेंड्यांवर मावा चढू लागलेला आणि फुलांवर भिरभिरणाऱ्या कीटकांची गर्दी. शेतकरी जाणते आणि हिशेबी होते. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. मधमाश्या भरपूर असल्याने पेट्या ठेवण्याची गरज नाही, ही पहिली. माव्याच्या जोडीने शेंड्यांवर हिरवट अळ्याही आल्या आहेत, तेव्हा उद्या सकाळीच फवारणी घेणार, ही दुसरी. आम्ही दोघे एका वाफ्याच्या कडेला पाऊण तास बसलो. फुलांवरील बहुतेक ‘मधमाश्या’ सिरफिड माश्या निघाल्या, आणि शेंड्यांवरील ‘अळ्या’ ही त्यांचीच पिल्ले होती. ती मोहरी खात नव्हती, मावा खात होती. एकाच कीटकाला त्यांनी फुलावर मधमाशी मानले होते आणि शेंड्यावर कीड. त्यामुळे दोन्ही निर्णय उलटे पडत होते.

हा दोष त्या शेतकऱ्यांचा म्हणता येणार नाही. संशोधनाच्या पहिल्या हंगामात मीही दोन पावलांवरून पाहून ड्रोन माश्यांची नोंद मधमाश्यांच्या रकान्यात करीत होतो. मार्गदर्शकांनी जाळीत पकडलेले नमुने भिंगाखाली ठेवायला लावले आणि तीन आठवड्यांच्या नोंदी बाद कराव्या लागल्या.

उसना वेश

या माश्या मधमाशीसारख्या दिसतात ते योगायोगाने नव्हे. मधमाशी आणि गांधीलमाशी डंख करतात. एकदा अनुभव घेतलेला पक्षी काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या वाटेला सहसा जात नाही. ज्या माश्यांच्या अंगावर असे पट्टे उमटत गेले त्या डंख नसूनही वाचत गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या हे साम्य वाढत गेले. निरुपद्रवी जीवाने उपद्रवी जीवाचे रूप घेण्याच्या या प्रकाराचे विवेचन हेन्‍री वॉल्टर बेट्स यांनी 1862 मध्ये ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांवरून केले. काही माश्या केवळ रंगावर थांबत नाहीत. त्या मधमाशीसारखा गुंजारव करतात, आणि हातात धरल्यास डंख मारत असल्यासारखे पोटही वाकवतात.

ही फसवणूक माणसाच्या बाबतीतही जुनीच आहे. मेलेल्या बैलाच्या शरीरातून मधमाश्या जन्मतात अशी समजूत प्राचीन भूमध्य सागरी प्रदेशात होती आणि रोमन कवी व्हर्जिलच्या शेतीविषयक काव्यातही ती आढळते. कुजणाऱ्या द्रवात वाढून बाहेर पडणाऱ्या त्या ‘मधमाश्या’ वस्तुतः ड्रोन माश्या असाव्यात, हे द्विपंखी कीटकांचे अभ्यासक ओस्टेन-साकेन यांनी 1894 मध्ये साधार दाखवून दिले.

आधी डोळे आणि मिशा पाहाव्यात

पाठ्यपुस्तकातील नियम सर्वांना ठाऊक असतो: मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या, माशीला एकच जोडी. नियम अचूक आहे, पण शेतात सर्वांत कमी उपयोगी पडणारा आहे. मधमाशीचे पुढचे आणि मागचे पंख सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात. उडताना आणि बसलेली असतानाही ती दोनच पंखांची भासते. माशीच्या मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन लहान अवयव असतात, त्यांना संतोलक म्हणतात. उडताना तोल सांभाळणे हे त्यांचे काम. मात्र केसाळ माशीत भिंगाशिवाय तेही दिसत नाहीत. म्हणून प्रशिक्षणात पंखांची गणना शेवटी ठेवावी, असे माझे मत आहे.

सुरुवात चेहऱ्यापासून करावी. माशीचा चेहरा म्हणजे जवळजवळ सारे डोळेच. दोन मोठे गोल नेत्र डोक्याचा बहुतांश भाग व्यापतात आणि अनेक जातींच्या नरांत ते माथ्यावर एकमेकांना भिडतात. मधमाशीचे डोळे लांबट असून डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यांच्या मध्ये कपाळ स्पष्ट दिसते. मधमाशीच्या नरांचे डोळेही माथ्यावर जुळलेले असतात हे खरे. पण ते मधुरस किंवा पराग गोळा करायला फुलांवर येत नाहीत, तेव्हा शेतातील निरीक्षणात हा अपवाद फारसा आड येत नाही.

डोळ्यांच्या मधोमध मिशा, म्हणजेच शृंगिका, पाहाव्यात. मधमाशीच्या मिशा लांब, कोपरात वाकल्यासारख्या आणि सतत हलणाऱ्या असतात. फुलांवर येणाऱ्या बहुतेक माश्यांच्या मिशा इतक्या आखूड असतात की त्या नाहीतच असे वाटावे. नीट पाहिल्यास एक जाडसर कांडे आणि त्यावर एक बारीक केस दिसतो. डोळे आणि मिशा या दोन खुणांवर बहुतेक प्रश्न सुटतात, आणि त्या मोबाईलच्या साध्या छायाचित्रातही दिसतात.

त्यानंतर मागचे पाय. मधमाशी परागकण मधुरसाने ओले करून मागच्या पायांवरील टोपलीत त्यांचा गोळा दाबून बसवते. एकटे राहणाऱ्या अनेक माश्या पायांवरील दाट केसांत कोरडा पराग भरतात. पानकापी माशी तो पोटाच्या खालच्या बाजूस वाहते. असा परागाचा भार दिसला की ती मधमाशीच्या गोतातील, यात शंका उरत नाही. मात्र याचा व्यत्यास खरा नाही. केवळ मधुरस नेणारी मधमाशी आणि सर्व नर यांच्या पायांवर भार नसतो. ड्रोन माशीच्या मागच्या पायांची नळी थोडी जाड असल्याने उडताना ती परागाने भरल्यासारखी भासते, हेही लक्षात असू द्यावे. माशी पराग खाते, तिच्या अंगाला तो चिकटतोही. पण घरी नेण्यासाठी ती त्याचे गोळे करीत नाही, कारण पिल्लांना परागावर वाढवणारे घरच तिला नसते.

उडण्याची ढब दुरूनही कामी येते. सिरफिड माशी हवेत एका बिंदूवर टांगल्यासारखी स्थिर राहते, क्षणात बाजूला सरकते आणि पुन्हा स्थिर होते. मधमाशी नागमोडी वळत फुलापाशी येते, उतरते, काम उरकते आणि पुढच्या फुलाकडे जाते. अर्थात निळ्या पट्ट्यांची माशी हीदेखील फुलापुढे क्षणभर तरंगते, आणि भुंग्यांचे नर आपल्या हद्दीत बराच वेळ हवेत स्थिर राहतात. त्यामुळे ढब पाहून अंदाज बांधावा आणि चेहरा पाहून खात्री करावी. बसल्यावर मधमाशी पंख पाठीवर मागे घडी करून ठेवते. सिरफिड माशी ते बहुधा थोडे उघडे, तिरके ठेवते. मधमाशीची कंबर बारीक असते. माशीचे वक्ष आणि उदर मात्र जवळजवळ सलग दिसतात.

मधमाश्या आणि त्यांचे एकटे राहणारे गोत

मध साठवणाऱ्या माश्यांची ओळख बहुतेक वाचकांना आहे, तेव्हा येथे केवळ खुणा देतो. आग्या माशी सर्वांत मोठी, धुरकट पंखांची. उंच झाडावर, कड्यावर किंवा इमारतीच्या छज्जाखाली एकच मोठे उघडे पोळे लावते. फुलोरी माशी त्याहून खूपच लहान. उदराचा कंबरेकडील भाग तांबूस आणि पुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे. सातेरी मध्यम आकाराची व गडद, झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधणारी. तिच्याहून किंचित मोठी आणि अधिक पिवळसर ती युरोपीय मधमाशी, एपिस मेलिफेरा. 1960 च्या दशकात कांगडा भागातील नगरोटा बगवान येथे ती प्रथम यशस्वीपणे स्थिरावली; आज उत्तर भारतातील मोहरी आणि लिचीच्या हंगामात दिसणाऱ्या पेट्या बहुधा तिच्याच असतात. डंखविरहित मधमाशी तांदळाच्या दाण्याहूनही लहान, काळी. तिला अनेकजण चिलट समजून सोडून देतात. मागच्या पायांवरील परागाचा ठिपका पाहिला की ती ओळखू येते.

एकट्या राहणाऱ्या माश्यांकडे मात्र विस्तार कार्यात फार कमी लक्ष जाते. यांच्यात राणी-कामकरी अशी वसाहत नसते. बहुतेक जातींत प्रत्येक मादी स्वतःचे घरटे करते आणि स्वतःच पिल्लांसाठी पराग साठवते. पानकापी माशी गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानाच्या कडेपासून कर्कटकाने आखल्यासारखे गोल तुकडे कापून नेते आणि पोकळ काडीत त्यांचे कप्पे करते. ही कापणी पाहून अळीसाठी कीटकनाशक मारल्याची उदाहरणे प्रत्येक हंगामात कानावर येतात. अळीने खाल्लेले पान वेडेवाकडे कुरतडलेले असते आणि आसपास विष्ठा पडलेली असते. पानकापीचा काप स्वच्छ, गोलाकार असतो आणि पानावर विष्ठा नसते. त्याने पिकाचे म्हणण्याजोगे नुकसान होत नाही, उलट तुरीच्या फुलाची पाकळी दाबून आतले परागकोश उघडे पाडण्याचे काम हीच माशी आणि भुंगा उत्तम करतात.

काळा, जड, घोंघावणारा भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत बिळे पाडतो, म्हणून त्याला घराच्या आढ्यावरून हाकलले जाते. तो भोपळावर्गीय पिके, तूर आणि वांगी यांवर कामाचा आहे. उदरावर निळ्या झळाळीच्या पट्ट्या असलेली ॲमेगिला ही माशी टोमॅटो आणि वांग्याच्या फुलाला बिलगून छातीचे स्नायू थरथरवते. या पिकांचे परागकोश टोकाच्या छिद्रातूनच पराग सोडतात, आणि तो या थरथरीने झडतो. पेटीतल्या मधमाशीला ही कला अवगत नाही. वांग्याच्या प्लॉटजवळ दहा पेट्या ठेवून अपेक्षित फरक पडला नाही, अशी तक्रार करणाऱ्या शेतकऱ्याला हे कारण समजावून सांगावे.

सिरफिड माश्या: दोन वेगळे संसार

फुलावर येणाऱ्या सिरफिड माश्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या समजाव्यात. प्रौढपणी दोघीही मधुरस आणि परागावर जगतात. फरक अळीच्या जीवनात आहे.

पहिल्या प्रकारच्या माश्या सडपातळ असतात. उदर चपटे, पिवळ्या-नारिंगी आणि काळ्या आडव्या पट्ट्यांचे. एपिसिर्फस, इस्किओडॉन आणि स्फेरोफोरिया या प्रजाती आपल्याकडे मोहरी, गहू, कोथिंबीर, बडीशेप आणि भाजीपाल्यावर नेहमी आढळतात. मादी माव्याच्या वसाहतीजवळ तांदळाच्या कणीसारखे पांढरे, लांबट अंडे एकेक करून घालते. त्यातून निघणारी अळी पायविरहित, मागे रुंद व पुढे निमुळती, हिरवट किंवा मळकट पांढरी आणि काहीशी पारदर्शक असते. तिला डोके असे वेगळे दिसत नाही. ती पुढचे टोक इकडेतिकडे फिरवत मावा शोधते, पकडते, उचलून धरते आणि शोषून रिकामे कातडे टाकून देते. पूर्ण वाढेपर्यंत एक अळी काही शे मावा फस्त करते. पुढे पानावरच थेंबाच्या आकाराचा कोष होतो. जवळ काळे, डांबरासारखे डाग दिसतात ती तिची विष्ठा. पाने खाणाऱ्या अळीला स्पष्ट डोके आणि पाय असतात, आणि तिच्या आसपास पाने कुरतडलेली असतात. एवढी तुलना बांधावर उभ्या उभ्या करता येते.

दुसरा प्रकार ड्रोन माश्यांचा. त्या आकाराने आणि रंगाने मधमाशीच्या फारच जवळ जातात. एरिस्टॅलिस टेनॅक्स ही तपकिरी, उदराच्या दोन्ही बाजूंना नारिंगी छटा असलेली माशी थंडीत उत्तर भारतातील मोहरीवर नेहमी दिसते. एपिस मेलिफेरा म्हणून नोंदवली जाणारी हीच. एरिस्टॅलिनस प्रजातीतील माश्यांच्या डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे असतात, ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. यांच्या अळ्या शेणाच्या खड्ड्यातील पाण्यात, सांडपाण्याच्या डबक्यात, गोबरगॅसच्या रबडीत वाढतात. मागच्या टोकाला श्वासनळीची लांब शेपटी असते, ती पृष्ठभागापर्यंत लांबवून त्या श्वास घेतात. गोठ्याजवळच्या खड्ड्यात अशा शेपटीवाल्या अळ्या दिसल्या की लोक घाबरतात आणि औषध टाकतात. त्या पिकाला लागत नाहीत. कुजका पदार्थ खाऊन त्या परागीभवन करणारी माशी होतात.

याखेरीज फुलांवर केसाळ, लांब ताठ सोंडेच्या बी-फ्लाय माश्या येतात. त्यांच्या अनेक जातींच्या अळ्या इतर कीटकांच्या अळ्यांवर किंवा अंड्यांवर वाढतात. भुंग्याचा वेश घेतलेल्या दरोडेखोर माश्याही आहेत, पण त्या फुलासाठी येत नाहीत, शिकारीसाठी येतात.

फळमाशीची गफलत

काकडी, दोडका, कारले आणि खरबूज पिकवणाऱ्यांच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. पिवळ्या खुणांची, दोन पंखांची कोणतीही माशी वेलावर दिसली की ती फळमाशी ठरते, आणि भर फुलोऱ्यात फवारणी होते. वेलवर्गीय फळमाशी तांबूस तपकिरी असते. छातीवर पिवळ्या रेघा, पंखांवर धुरकट पट्टे आणि डाग, आणि मादीच्या उदराच्या टोकाला अंडी घालण्याची टोकदार नळी. ती फुलापेक्षा कोवळ्या फळावर आणि पानांच्या खालच्या बाजूस दिसते, पंख फडकवत चालते आणि हवेत स्थिर राहत नाही. सिरफिड माशीचे पंख बहुधा स्वच्छ असतात, आणि तिला टोकदार नळी नसते. शंका असल्यास क्यू-ल्युअर सापळ्यात अडकलेल्या नरांशी तुलना करावी. आंब्यासाठी मिथाइल युजेनॉल सापळ्यातील नमुना याच कामी येतो. सापळा हा असा फुकटचा संदर्भसंग्रह असतो, त्याचा उपयोग मात्र क्वचितच कोणी करते.

पिवळ्या चिकट सापळ्यांविषयीही येथे सांगावेसे वाटते. ते पांढरी माशी आणि पंखधारी मावा पकडतात तसेच सिरफिड माश्याही पकडतात. सापळा बदलताना त्यावर काय चिकटले आहे ते पाहावे. सिरफिड माश्या मोठ्या संख्येने दिसल्यास पूर्ण फुलोऱ्याच्या काळात सापळ्यांची संख्या कमी करणे योग्य.

पिकानुसार महत्त्व बदलते

माशी म्हणजे दुय्यम आणि मधमाशी म्हणजे श्रेष्ठ, असा सरसकट निष्कर्ष काढू नये. आंब्याच्या मोहोरातील फुले लहान, उघडी आणि उथळ मधुरसाची असतात. मलिहाबाद असो वा कोकण, तेथे सिरफिड आणि इतर माश्या हेच प्रमुख पाहुणे असतात, जोडीला डंखविरहित मधमाश्या. मोहोरावर ‘मधमाश्या दिसत नाहीत’ म्हणून परागीभवन होतच नाही असे मानणे, आणि दिसणाऱ्या माश्या उपद्रवी समजून तुडतुड्यांची फवारणी ऐन फुलोऱ्यात ओढणे, या दोन्ही गोष्टी फळधारणेला मारक आहेत. कोथिंबीर, बडीशेप, गाजर आणि कांद्याचे बीजोत्पादन यांतही माश्यांचा वाटा मोठा असतो.

कांद्यात मात्र आणखी एक गोष्ट पाहावी लागते. एकाच फुलातील पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होते, त्यामुळे पराग दुसऱ्या फुलाकडून आणणारा कीटक हवाच. संकरित बीजोत्पादनात नरवंध्य ओळीला परागच नसतो. केवळ परागासाठी येणारा कीटक तिकडे फिरकत नाही. अशा ठिकाणी मधुरसासाठी दोन्ही ओळींवर फिरणाऱ्या मधमाश्यांची संख्या वेगळी मोजली नाही तर ‘कीटक भरपूर, बी कमी’ हे कोडे सुटत नाही.

मोहरीवर्गातही फरक आहे. राई म्हणून पेरली जाणारी भारतीय मोहरी बरीचशी स्वपरागित असते; मधमाश्या आल्यास लाभ होतो, पण त्या नसल्या म्हणून पीक बुडत नाही. तोरिया मात्र स्वतःचा पराग स्वीकारत नाही, त्याची भिस्त कीटकांवरच असते. भरतपूरच्या त्या शेतात राई होती, म्हणून पेट्यांचा प्रश्न तितका निकडीचा नव्हता. तोरिया असता तर सल्ला वेगळा द्यावा लागला असता.

नोंद आणि फवारणी

विस्तार कार्यकर्त्यांनी नोंदवहीत ‘मधमाश्या: भरपूर’ असे लिहिणे थांबवावे, ही माझी आग्रहाची विनंती. सकाळी दहाच्या सुमारास, ऊन असताना आणि वारा नसताना, शेतात पाच ठिकाणी एकेक चौरस मीटर फुलोरा पाच मिनिटे पाहावा आणि चार रकाने भरावेत: मध साठवणाऱ्या मधमाश्या, एकट्या राहणाऱ्या माश्या व भुंगे, सिरफिड माश्या, इतर माश्या. सातेरी की मेलिफेरा हा भेद जमला नाही तरी चालेल. रकाना चुकू नये. पिकाच्या कडेला कीटक अधिक असतात, म्हणून किमान तीन जागा आतल्या असाव्यात. माव्याचे शेंडे पाहताना शेजारीच सिरफिड अळ्या आणि कोष यांची संख्याही लिहावी.

शंका उरल्यास छायाचित्र पाठवावे; पण पाठीवरून घेतलेले एकच अस्पष्ट छायाचित्र कोणालाच ओळखता येत नाही. समोरून चेहरा, बाजूने मागचा पाय आणि वरून पंख अशी तीन छायाचित्रे घ्यावीत, सोबत पीक, ठिकाण व वेळ लिहावी. कीटक स्थिर बसत नसेल तर मोबाईलवर संथ गतीचे चित्रीकरण करून त्यातील चौकट निवडता येते. नमुना पारदर्शक डबीत घेऊन काही मिनिटे बर्फाच्या पेटीत ठेवल्यास तो सुस्त होतो, पाहून झाल्यावर सोडून द्यावा.

फवारणीचा निर्णय आपापल्या राज्याच्या शिफारशीतील आर्थिक नुकसानीच्या पातळीवरच घ्यावा. फुलोऱ्यात ती टाळता येत नसेल तर मधमाश्या परतल्यावर, सायंकाळी घ्यावी. वेळ बदलल्याने फुलावरच्या मधमाश्या बऱ्याच अंशी वाचतात. सिरफिडच्या अळ्या मात्र दिवसरात्र झाडावरच असतात, त्यांना सायंकाळची वेळ वाचवत नाही. त्यासाठी संपूर्ण शेताऐवजी प्रादुर्भाव असलेल्या कडाच फवारणे हा उपाय आहे.

लेबलवरील त्रिकोणाविषयीचा गैरसमजही सर्वत्र आढळतो. लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे रंग माणसासह सस्तन प्राण्यांना असलेल्या विषारीपणाचे निदर्शक आहेत, मधमाशीचे नव्हेत. हिरव्या किंवा निळ्या त्रिकोणाचे औषध मधमाशीला अत्यंत घातक असू शकते. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम यांसारखी कीटकनाशके मधमाश्यांना फार थोड्या मात्रेत मारक ठरतात. त्यासाठी लेबलसोबतच्या पत्रकातील सूचना वाचाव्यात.

भरतपूरच्या शेतकऱ्यांनी दुसऱ्या सकाळची फवारणी पुढे ढकलली. आम्ही दहा शेंड्यांना धाग्याने खुणा केल्या आणि प्रत्येकावरील मावा व अळ्या मोजून ठेवल्या. सहा दिवसांनी त्यांनी मला फोनवर आकडे वाचून दाखवले. ज्या शेंड्यांवर तीन किंवा अधिक अळ्या होत्या, तेथे बहुतेक माव्याची रिकामी कातडी उरली होती. बांधाकडील चार शेंड्यांवर अळ्या नव्हत्या आणि मावा वाढला होता. तेवढी कड त्यांनी सायंकाळी फवारली. त्यानंतर त्यांनी विचारले, की पुढच्या हंगामात बांधावर बडीशेप पेरली तर या माश्या आधीच येतील का. मोहरीच्या आधी फुलेल अशा बेताने पेरावी, असे मी सांगितले.